बदली, कायम आणि ‘निघून गेले’: मुंबईतल्या याद्यांच्या साफसफाईची गोष्ट

(दादर इथे झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याची धाटणी शक्य तितकी तशीच ठेवली आहे.)



आयोजकांनी विषय सांगितला तेव्हा खरं सांगतो, मला वाटलं फोन चुकून मला आला. ‘मार्केटिंगच्या यंत्रणांमधला जुना डेटा आणि त्याची साफसफाई.’ म्हटलं, मी इतिहासाचा माणूस. गिरण्या, चाळी, छापखाने यांच्यावर बोलणारा. यात माझं काय काम? पण चार दिवस विचार केला आणि लक्षात आलं, की हा विषय या गिरगाव-दादर-परळ-लालबागच्या पट्ट्यात दीडशे वर्षं चाललेला आहे. फक्त तेव्हा त्याला डेटा म्हणत नव्हते. वही म्हणत होते, हजेरीपट म्हणत होते.

सुरुवात घरातून करतो. माझे वडील चार वर्षांपूर्वी गेले. त्यांचा नंबर आईकडे आहे. दर वर्षी त्यांच्या वाढदिवसाला सकाळी एका दुकानाचा मेसेज येतो. वडिलांचं नाव, वाढदिवसाच्या शुभेच्छा आणि आजच्या खरेदीवर सूट. पहिल्या वर्षी आईने फोन उलटा ठेवला आणि काही बोलली नाही. दुसऱ्या वर्षी म्हणाली, “अरे, त्यांना कळव की.” मी दुकानात गेलो. काउंटरवरच्या मुलाने फार सभ्यपणे माफी मागितली, माझ्यासमोर नाव काढलं. पुढच्या वर्षी मेसेज पुन्हा आला.

आता हे का झालं? त्या मुलाने खोटं सांगितलं नव्हतं. त्याने एका यादीतून नाव काढलं होतं. वडिलांचं नाव बहुधा आणखी दोन-तीन याद्यांमध्ये होतं. आणि मेसेज पाठवणारं कोणी माणूस नव्हतंच. ज्याला ‘मार्केटिंग ऑटोमेशन’ म्हणतात ते म्हणजे हेच: एकदा नियम लिहून ठेवायचा, की अमुक तारीख आली की तमुक मजकूर जावा. मग तो वर्षानुवर्षं जात राहतो. नियम लिहिणारा नोकरी सोडून जातो, ज्याच्यासाठी लिहिला तो जग सोडून जातो, पण मेसेज वेळेवर निघतो.

आज हा प्रश्न आपण इतिहासातून बघू. शेवटी पुन्हा आईच्या फोनकडे येऊ.

तारीख संपलेला मजकूर: पंचांग

आधी मजकुराचं बघू, मग माणसांकडे वळू.

आपल्याकडे एक छापील वस्तू अशी आहे, की जिच्यावर ‘मी कधी शिळी होणार’ हे पहिल्या पानावरच लिहिलेलं असतं. पंचांग. गणपत कृष्णाजींनी मुंबईत १८४१ साली शिळाछापावर मराठी पंचांग छापलं. पुढे जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्याचं पंचांग घरोघर गेलं. पाडव्याला नवं आलं की जुनं बाद. कोणाला सांगावं लागत नाही. १९७३ साली जयंत साळगावकरांनी ‘कालनिर्णय’ काढलं. तेही तसंच. डिसेंबर संपला की खिळ्यावरून उतरलं आणि पानांची पोरांच्या वह्यांना कव्हरं झाली.

छापील मजकुराची ही एक मोठी सोय होती. तो भिंतीवर दिसायचा. शिळा झाला की घरातल्या माणसाच्या नजरेला खुपायचा. यंत्रणेत ठेवलेला मजकूर कोणालाच दिसत नाही. तीन वर्षांपूर्वीच्या दिवाळीची सूट, बंद झालेल्या शाखेचा पत्ता, काढून टाकलेल्या पानाची लिंक, हे सगळं आत नीट रचून ठेवलेलं असतं. एखाद्या नव्या गिऱ्हाइकाने नाव नोंदवलं की त्याला स्वागताचा जो पहिला मेसेज जातो त्यातच ते बाहेर पडतं. म्हणजे सगळ्यात नव्या माणसाला सगळ्यात जुना मजकूर मिळतो.

पण पंचांगाची आणखी एक गोष्ट आहे आणि ती जास्त बोधप्रद आहे. पंचांग दर वर्षी नवं छापायचे खरे, पण गणित कुठलं? बऱ्याच ठिकाणी गणेश दैवज्ञांच्या ‘ग्रहलाघव’ या ग्रंथाचं. तो १५२० सालचा. ग्रंथ उत्तम, सोपा. पण साडेतीनशे वर्षांत बारीक बारीक फरक साठत गेला आणि पंचांगातला ग्रह व आकाशातला ग्रह यांची चुकामूक व्हायला लागली. केरो लक्ष्मण छत्रे यांनी नवी कोष्टकं केली, १८६५ पासून पटवर्धनी पंचांग निघायला लागलं. पुढे लोकमान्य टिळक, व्यंकटेश बापूजी केतकर यांनी हा वाद लावून धरला. १९०४ साली मुंबईत ज्योतिषांची परिषद भरली. तरी वाद मिटला नाही. स्वतंत्र भारतात मेघनाद साहांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली आणि २२ मार्च १९५७ ला राष्ट्रीय दिनदर्शिका सुरू झाली.

यातून घ्यायचं ते एवढंच: वरचं कव्हर नवं असलं म्हणून आतला आधार नवा असतो असं नाही. कंपन्या दर तिमाहीला नवं चित्र, नवी घोषणा लावतात. पण ‘कोणाला पाठवायचं’ हे ठरवणारा नियम आठ वर्षांपूर्वीचा असतो. साफसफाई करताना कव्हर पुसून भागत नाही. आतलं कोष्टक तपासावं लागतं.

यादी बरोबर, माणसं गेलेली

आता माणसांच्या यादीकडे येऊ.

मुंबईची पहिली शिस्तीतली शिरगणती १८६४ साली झाली. आकडा आला ८,१६,५६२. पुढची १८७२ साली. तिचा आकडा ६,४४,४०५. आठ वर्षांत पावणेदोन लाख माणसं कमी! मधे काय झालं? १८६१ ते ६५ अमेरिकेत यादवी युद्ध चालू होतं. तिकडचा कापूस इंग्लंडला जाईना, म्हणून आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईत पैसा वाहत होता, कामासाठी माणसं लोटत होती. त्या भरतीच्या वेळी माणसं मोजली गेली. १८६५ ला युद्ध संपलं, भाव कोसळला, बँका बुडाल्या, माणसं गावी गेली.

विचार करा, १८७० साली एखाद्या व्यापाऱ्याने १८६४ च्या आकड्यावर धंद्याचा अंदाज बांधला असता तर? आकडा खोटा नव्हता. मोजणीही, त्या काळाच्या मानाने, मन लावून केलेली होती. पण ती एका विशेष काळाची होती. आजही हेच होतं. कोविडच्या दोन वर्षांत घरबसल्या खरेदीसाठी असंख्य लोकांनी कुठे कुठे नावं नोंदवली. ती नावं अजून याद्यांमध्ये आहेत. कंपनीच्या बैठकीत सांगितलं जातं, आमच्याकडे इतके लाख ग्राहक आहेत. अहो, ग्राहक नाहीत, नोंदी आहेत.

१८९६ ला प्लेग आला तेव्हा पुन्हा तेच. माणसं शहर सोडून पळाली. घरांना कुलपं, पत्ते तसेच. १८९१ च्या मोजणीपेक्षा १९०१ ची मोजणी कमी भरली. पण या वेळी बरेच जण परतही आले. म्हणजे कुलूप दिसलं की माणूस कायमचा गेला असं धरून चालत नाही. हा मुद्दा लक्षात ठेवा, तो पुढे लागणार आहे.

पोस्टमनचा शेरा

कंपन्यांमधली मुलं ‘बाउन्स’ हा शब्द वापरतात. ईमेल पाठवला, पोचला नाही, परत आला. त्यात ते दोन प्रकार करतात. पत्ताच अस्तित्वात नाही तो एक. पत्ता आहे पण पेटी भरली आहे किंवा तात्पुरती अडचण आहे तो दुसरा. मुलं मला हे समजावून सांगत होती तेव्हा मी म्हटलं, हे आमच्या मासिकवाल्यांना शंभर वर्षांपूर्वी माहीत होतं.

का. र. मित्रांनी १८९५ साली ‘मनोरंजन’ मासिक काढलं. १९०९ चा पहिला दिवाळी अंकही त्यांचाच. त्या काळची मराठी मासिकं दुकानापेक्षा वर्गणीदारांवर जगायची. वर्गणी संपली की पुढचा अंक व्ही.पी.ने जायचा. म्हणजे पोस्टमन दारात अंक देणार आणि पैसे घेणार. माणसाने घेतला नाही तर व्ही.पी. परत, आणि टपालखर्च मासिकाच्या अंगावर. परत आलेल्या पुडक्यावर पोस्टमनचा शेरा असायचा. ‘निघून गेले.’ ‘घर बंद.’ ‘घेत नाही.’ ‘पत्ता अपुरा.’ आणि कधी कधी ‘मयत’.

प्रत्येक शेऱ्याचा अर्थ वेगळा आणि त्यावरची कृतीही वेगळी. ‘घर बंद’ असेल तर महिन्याने पुन्हा बघा. ‘पत्ता अपुरा’ असेल तर चूक आपली आहे, वही दुरुस्त करा. ‘घेत नाही’ म्हणजे माणूस आहे पण त्याला नको आहे, त्याला त्रास देऊ नका. ‘मयत’ असेल तर नाव काढा आणि घरच्यांना पुन्हा पुडकं जाणार नाही असं बघा. वर्गणीदारांची वही सांभाळणारा कारकून ही नावं एकाच लाल रेघेने मारत नसे. मारली तर मासिकाचं नुकसान होतं हे त्याला कळत होतं, कारण दर परत आलेल्या पुडक्याचे पैसे डोळ्यांसमोर जात होते.

ईमेलला तिकीट लागत नाही, म्हणून आपण बेफिकीर झालो. पण तो फुकटपणा आता संपत चालला आहे. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहू यांनी मोठ्या प्रमाणावर ईमेल पाठवणाऱ्यांना नियम लावले. गूगलच्या हिशोबात दिवसाला ५,००० म्हणजे मोठं प्रमाण. एका टिचकीत यादीतून बाहेर पडता आलं पाहिजे आणि ‘हा नको असलेला मेल आहे’ अशा तक्रारींचं प्रमाण ०.३ टक्क्यांच्या खाली राहिलं पाहिजे. हजारात तीन. ते ओलांडलं तर ज्यांना तुमचे मेल हवे आहेत त्यांच्यापर्यंतही ते पोचेनासे होतात. म्हणजे व्ही.पी.चा भुर्दंड परत आला म्हणायचा.

‘मुंबई ४’ चं ४००००४ कसं झालं

आता पत्त्याची एक गोष्ट सांगतो, कारण ती चांगल्या साफसफाईची गोष्ट आहे.

तुमच्यातल्या वडीलधाऱ्यांना आठवत असेल, पूर्वी आपण पत्त्याखाली ‘मुंबई ४’ लिहायचो. ४ म्हणजे गिरगाव. परळ १२, दादर पूर्व १४, दादर पश्चिम २८. पुढे १५ ऑगस्ट १९७२ ला देशभर पिनकोड आला. त्यामागे डाक खात्यातले अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर होते. हे वेलणकर संस्कृतचे मोठे पंडित, नाटककार. देशात एकाच नावाची गावं ढीगभर, लिप्या अनेक, अक्षरं वाचवत नाहीत. त्यावर सहा आकड्यांचा उपाय.

पण बघा, मुंबईसाठी काय केलं. जुना आकडा फेकून दिला नाही. ‘मुंबई ४’ चं ४००००४ झालं. १२ चं ४०००१२, २८ चं ४०००२८. ज्याला जुनं पाठ होतं त्याचं पत्र चुकलं नाही. नव्या पद्धतीत जुनी ओळख शिल्लक राहिली.

रस्त्यांच्या नावांचं असं झालं नाही. जुनं नाव, नवं नाव, बोलीतलं नाव, तिन्ही एकाच वेळी चालतात. एल्फिन्स्टन रोड स्टेशनचं २०१८ साली प्रभादेवी झालं. आता एखाद्या दुकानाच्या यादीत त्याच बाईंचा पत्ता एकदा ‘एल्फिन्स्टन’ असा आणि एकदा ‘प्रभादेवी’ असा असेल, एकदा ‘बॉम्बे’ आणि एकदा ‘मुंबई’, तर यंत्राच्या लेखी त्या दोन बाई. नावाचंही तेच. शाळेच्या दाखल्यावर एक, रेशनकार्डावर दुसरं, सासरी तिसरं. माझ्या वडिलांचं नाव त्या दुकानात तीनदा होतं ते बहुधा असंच. कधी आडनाव आधी, कधी नाव आधी, कधी नुसती आद्याक्षरं.

म्हणून पुसण्याच्या आधी जोडणं यायला हवं. ही दोन नावं एकाच माणसाची आहेत का, हे आधी ठरवा. मग त्याच्या सगळ्या नोंदी एकत्र करा. आणि मगच काढायचं की ठेवायचं बघा.

बदली

आता मी माझ्या खऱ्या विषयाकडे येतो. गिरणगाव.

१८५४ साली कावसजी नानाभाई दावर यांनी पहिली सूतगिरणी उभी करायला घेतली, १८५६ ला ती ताडदेवला सुरू झाली. पुढच्या पन्नास-साठ वर्षांत परळ, लालबाग, शिवडी, वरळी हा सगळा पट्टा भोंग्यावर उठायला लागला. गिरणीत दोन प्रकारचे कामगार. एक कायम, एक बदली. कायम माणूस गैरहजर असेल त्या दिवशी त्याच्या जागी बदली उभा राहायचा. बदलीवाले पहाटे फाटकाशी जमायचे. कोणाला आत घ्यायचं हे मुकादम ठरवायचा, म्हणजे जॉबर. त्याची यादी त्याच्या डोक्यात. त्यात नाव राहायचं तर त्याचा हात ओला करावा लागायचा.

१९३५ साली गिरणीमालक संघटनेने यावर बदली नियंत्रणाची पद्धत आणली. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला ठरावीक लोकांना बदलीचं कार्ड द्यायचं. त्यांनी रोज सकाळी हजर राहायचं आणि रिकामी जागा त्यांच्यातूनच भरायची. म्हणजे बघा, दर महिन्याला ताजी केलेली, मर्यादित, लेखी यादी. आजच्या भाषेत याला ‘सक्रिय यादी’ म्हणतील. स्वातंत्र्यानंतर, १९५० च्या सुमाराला, सरकारने या कामात हात घातला आणि बदल्यांच्या नोंदणीची योजना चालवली.

कागदावर ही सुधारणा होती, आणि काही अंशी खरोखर होतीच. फाटकावरची अनिश्चित गर्दी कमी व्हावी, मुकादमाची मनमानी कमी व्हावी हा हेतू होता. पण दुसरी बाजूही बघायला हवी. कार्ड मिळालेला माणूस यादीत आला, न मिळालेला यादीबाहेर गेला. तो कालपर्यंत त्याच फाटकाशी उभा होता. यादी स्वच्छ झाली म्हणजे माणसं कमी झाली असं नाही. ती दिसेनाशी झाली.

आणि गैरहजेरी म्हणजे काय, हाही प्रश्न आहे. गिरणी कामगार मोठ्या संख्येने कोकणातला, घाटावरचा. मे महिन्यात गावी जाणार, शेतीच्या वेळी जाणार, शिमग्याला, गणपतीला जाणार. १९२९ ला नेमलेल्या व्हिटले आयोगानेही कामगारांचं गावाशी असलेलं नातं नोंदवलं आहे. तो दोन महिने दिसला नाही म्हणजे त्याने गिरणी सोडली का? नाही. तो परत येणार आहे हे खानावळवालीला माहीत असायचं, चाळीतल्या गाळेकऱ्यांना माहीत असायचं. फक्त हजेरीपटाला माहीत नसायचं.

आजच्या यंत्रणेत नियम असतो: सहा महिने ज्याने मेल उघडला नाही तो निष्क्रिय, काढून टाका. आता लालबागच्या एखाद्या सजावटीच्या सामानाच्या दुकानाचं गिऱ्हाईक घ्या. ते वर्षातून एकदा येतं, श्रावण संपता संपता. उरलेले अकरा महिने ते ‘निष्क्रिय’. मार्चमध्ये सफाई केली तर दुकानदार आपलं सगळ्यात जुनं, सगळ्यात इमानी गिऱ्हाईक स्वतःच्या हाताने पुसून टाकेल. शिवाय ‘मेल उघडला’ या खुणेवरही आता फार विसंबता येत नाही. २०२१ पासून ॲपलच्या मेलमध्ये अशी सोय आहे, की माणसाने मेल बघितला नाही तरी आतली चित्रं आधीच उतरवून घेतली जातात आणि पाठवणाऱ्याला वाटतं उघडला. म्हणजे काही मेलेले जिवंत दिसतात आणि काही जिवंत मेलेले. म्हणून धंद्याचा ऋतू ओळखून मुदत ठरवा, आणि काढण्याआधी एकदा सरळ विचारा: आमच्याकडून कळवलेलं तुम्हाला अजून हवं आहे का?

ज्या यादीवर घर अवलंबून होतं

१८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. तो कधी रीतसर मागे घेतला गेला नाही. गिरण्या एकेक करून थांबल्या. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत, ५८ क्रमांकाच्या नियमात, गिरण्यांच्या जमिनीचा प्रश्न आला. २००१ ला त्यात बदल झाला, २००६ ला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. या सगळ्यातून कामगारांच्या वाट्याला एक गोष्ट उरली: त्या जमिनीच्या काही भागावर घरं. आणि घर कोणाला? १ जानेवारी १९८२ ला किंवा त्यानंतर जो गिरणीच्या पटावर होता त्याला, किंवा त्याच्या वारसाला.

आता बघा काय झालं ते. ज्या हजेरीपटाकडे गिरणी बंद झाल्यावर कोणी ढुंकून बघितलं नव्हतं, तोच एकदम मोलाचा ठरला. तिकीट नंबर, सर्व्हिस सर्टिफिकेट, प्रॉव्हिडंट फंडाची चिठ्ठी, ईएसआयचं कार्ड, रजेच्या वहीतली नोंद. कोणाकडे होतं, कोणाचं चाळ पडताना गेलं, कोणी गावच्या घरात पत्र्याच्या पेटीत ठेवलं होतं. अर्ज पावणेदोन लाखांच्या घरात गेले. म्हाडाची सोडत २८ जून २०१२ ला निघाली, ६,९२५ घरांची. १ मार्च २०२० ला ३,८९४ घरांची निघाली. आणि २०२३ च्या सप्टेंबरात म्हाडाने उरलेल्या सुमारे दीड लाख अर्जांची पात्रता ठरवण्याची खास मोहीम काढली. संपानंतर एक्केचाळीस वर्षांनी. तोवर अनेक कामगार गेले होते. आता वारस कागद घेऊन उभे होते.

ही यादी साफ करावी लागणार होती हे उघड आहे. एकाच कामगाराच्या नावावर दोन वारसांचे अर्ज येऊ शकतात, एकच माणूस दोन गिरण्यांत राबलेला असू शकतो, नावाची अक्षरं बदललेली असतात. ही छाननी केली नाही तर खऱ्याचा हक्क भलत्याला जातो. पण छाननी करताना एक चूक झाली तर एका कुटुंबाचं घर जातं. म्हणून इथे नाव काढण्याचा अर्थ ‘डिलीट’चं बटण दाबणं असा होत नाही. विचारायचं, कागद मागायचा, वेळ द्यायची, हरकत ऐकायची, आणि निकाल लेखी द्यायचा.

लोअर परळला जा. गिरण्यांच्या आवारांत आज काचेच्या इमारती आहेत. तिथे शेकडो तरुण मुलंमुली याद्या सांभाळायचंच काम करतात. मी त्यांना नावं ठेवत नाही. त्यातली काही याच चाळींमधून शिकून गेलेली आहेत. पण ज्या जमिनीवर ती बसली आहेत तिथेच एका यादीतल्या नोंदीवर हजारो कुटुंबांचं भवितव्य लोंबकळत राहिलं, हे त्यांना कोणीतरी सांगायला हवं. म्हणून मी ही सगळी गोष्ट सांगतोय.

मग करायचं काय

आता थोडं कामाचं. इतिहासाच्या माणसाने सल्ला देऊ नये म्हणतात, पण आज देतो.

पहिलं, ‘ज्याने नको सांगितलं’ त्याचं नाव पूर्णपणे पुसू नका. हे उलटं वाटेल. पण पुसलंत तर उद्या दुसऱ्या यादीतून तेच नाव पुन्हा आत येईल, आणि त्याने नको म्हटलं होतं हे यंत्राला आठवणारच नाही. वडिलांच्या बाबतीत नेमकं हेच झालं. अशा लोकांची वेगळी, छोटी यादी ठेवायची. त्यात पत्ता, वाढदिवस, खरेदी काही नको. फक्त यांना पाठवू नये एवढंच कळेल इतकी खूण. आपल्या देशात २००७ पासून फोनसाठी अशी सरकारी नोंदणी आहे, १९०९ वर कळवायचं. तीही एक यादीच आहे, पण न छळण्याची.

दुसरं, प्रत्येक मजकुराला पंचांगासारखी मुदत लावा. तयार करतानाच लिहा, हा अमुक तारखेनंतर जाऊ नये. आणि त्याचा धनी कोण हेही लिहा. धनी नोकरी सोडून गेला की मजकूर दुसऱ्याच्या नावावर करा, नाहीतर बंद करा.

तिसरं, आधी जोडा, मग विचारा, मग बाजूला ठेवा आणि सगळ्यात शेवटी पुसा. ‘घर बंद’ आणि ‘निघून गेले’ यात फरक करा.

चौथं, जे ठेवायचं कारण सांगता येत नाही ते ठेवू नका. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचा गाभा हाच आहे: ज्या कामासाठी माहिती घेतली ते संपलं किंवा माणसाने संमती मागे घेतली, की माहिती पुसली पाहिजे, कायद्याने ठेवायला लावली असेल तेवढी सोडून. नोव्हेंबर २०२५ मध्ये नियम आले, त्यात फार मोठ्या ऑनलाइन दुकानांसारख्यांना तीन वर्षांची मुदत घालून दिली आहे, आणि पुसण्याच्या ४८ तास आधी त्या माणसाला कळवायला सांगितलं आहे. हे आधी कळवणं मला फार आवडलं. १९३५ च्या फाटकावर तसं कोणी कळवलं नव्हतं.

इथे कोणी विचारेल, आणि विचारायलाच हवं: अहो, एकीकडे तुम्ही म्हणता जुनी माहिती पुसा, दुसरीकडे म्हणता जुना हजेरीपट नसता तर घर मिळालं नसतं. मग खरं काय? माझं उत्तर असं आहे. त्या नोंदीचा उपयोग कोणाला आहे ते बघा. हजेरीपट हा कामगाराचा पुरावा होता. तो त्याच्या हक्काचा होता, म्हणून जपायला हवा होता, आणि त्याची एक प्रत त्याच्या हातात असायला हवी होती. वडिलांच्या वाढदिवसाची तारीख त्या दुकानाच्या उपयोगाची होती, वडिलांच्या नव्हे. पहिली जपायची, दुसरी काम संपलं की सोडायची. आपल्याकडे बहुतेक वेळा उलटं होतं. माणसाच्या कामाची नोंद वाळवी खाते आणि दुकानाच्या कामाची नोंद अमर होते.

शेवटी आईच्या फोनची गोष्ट पुरी करतो. तिसऱ्यांदा मेसेज आल्यावर मी पुन्हा दुकानात गेलो. या वेळी एक मुलगी होती. तिने नाव काढलं नाही. आधी मला विचारलं, “काका, त्यांचं नाव आणखी कसं कसं लिहायचे?” मी सांगत गेलो, ती शोधत गेली. तीन ठिकाणी सापडलं. तिने तिन्ही जोडली, त्यावर ‘पाठवू नये’ अशी खूण केली आणि वाढदिवसाची तारीख माझ्यासमोर कोरी केली. या वर्षी त्या दिवशी सकाळी फोन वाजला नाही. आई दुपारी म्हणाली, “आज आला नाही बघ.” तिला बरं वाटलं की थोडं चुकल्यासारखं झालं, ते मला कळलं नाही. मी विचारलंही नाही.

पण त्या मुलीने जो प्रश्न विचारला, तो मला या विषयातला सगळ्यात चांगला प्रश्न वाटतो. इथे जी मुलंमुली हे काम करतात, त्यांनी तो घेऊन जावा.

आता तुमचे प्रश्न घेऊ.